अर्धा पासवर्ड

"सर, पूर्ण अधिकार मला कधी देणार?"

मुकादम सर चहात पाव बुडवत राहिले...

दापोलीकडच्या एका धर्मादाय रुग्णालयातली कॉम्प्युटरची खोली ती. कोणत्या नर्सला कोणती फाइल दिसावी, कोणत्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर चालावं, सगळं सर ठरवायचे. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि आपली खुर्ची कोणाला, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताखालच्या वेदांगचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता.

"साधा प्रिंटर जोडायचा तरी तुमच्या तोंडाकडे बघायचं. एवढ्या परीक्षा दिल्या, त्या काय उगाच? आज अधिकार नाही मिळाले, तर उद्या मी पुण्याची गाडी धरतो. सांगून ठेवतो!"

सर उठले.

"बस माझ्या जागेवर."

वेदांग बसला. छाती अशी फुगली म्हणता!

"लॅबच्या नव्या मशीनचं सॉफ्टवेअर टाकायचंय. टाक."

त्याने टाकलं. पडद्यावर अक्षरं आली : तुम्हाला परवानगी नाही.

"बरं, एखाद्या पेशंटची फाइल उघड."

परवानगी नाही.

"सर, हे तुमचंच खातं ना? अहो, हे तर माझ्यासारखंच निघालं!"

"माझंच आहे. चहा पार निवला बघ..."

"मग या सगळ्याचा मालक कोण?"

सरांनी फोन लावला. थोड्या वेळाने मेट्रन खेडेकरबाई ओले हात पुसत आल्या. सरांनी पडद्यावर एक वेगळंच खातं उघडलं. सगळ्या खात्यांच्या वरचं. त्याच्या पासवर्डचा अर्धा भाग बाईंना ठाऊक, अर्धा सरांना. दोघं जमल्याशिवाय ते उघडायचंच नाही, ही सरांनीच लावून दिलेली रीत.

बाई आपला अर्धा घालू लागल्या. वेदांगची नजर हळूच त्यांच्या बोटांकडे सरकली... आणि तेवढ्यात त्याला सर दिसले.

सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"झालं हो, वळा आता," बाई हसल्या. "मी आले की या माणसाचं तोंड भिंतीकडे. इतकी वर्षं झाली, काय सिनेमा लागलाय तिथे, देव जाणे!"

वेदांगच्या अंगावर सरसरून काटा आला. एक तिरका डोळा टाकला असता तर अख्खं रुग्णालय या माणसाच्या मुठीत आलं असतं. केव्हाच! आणि हा बाबा भिंत बघत उभा राहिला.

"सर... एकदाही बघावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटतं."

सर आता आपला अर्धा घालायला वाकले. कोणी काही सांगितलं नव्हतं. वेदांग खुर्चीतून उठला, भिंतीपाशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

मागे बटणांची टकटक चालू होती. मान वळवावी असं त्याला फार वाटलं. फार म्हणजे फारच. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

टकटक थांबली. लॅबचं सॉफ्टवेअर बिनबोभाट चढलं. मग सर बाईंना म्हणाले, "बाई, पासवर्ड बदलायचाय. तुमचा अर्धा पुन्हा घालता का?"

बाईंनी घातला. भिंतीशी या वेळी दोघं उभे होते.

"ये वेदांग, बस. आता माझ्या अर्ध्याच्या जागी तुझा घाल. तुझ्या मनातला, नवा."

वेदांग पुढे आला. तो बसला. बोट बटणावर टेकणार, तोच खांद्यावर सरांचा हात पडला.

"थांब रे बाबा... आधी मला वळू दे."