लाडाई भानजीची कोण?

"लाडाई वीर भानजीची कोण होती? आई, बायको की बहीण? आठ दिवसांत एकच काय ते सांगा. नाहीतर संबळ विसरा."

कातळगडच्या राजा हैबतरावाचा हुकूम सुटला आणि गोंधळ्यांची संबळं कोठीत जाऊन पडली. झालं होतं असं, की दसऱ्याला तीन गावांचे गोंधळी गडावर आले आणि एकाच लाडाईला तिघांनी तीन नाती लावून गायलं. पाहुणा राजा मिशीत हसला. म्हणाला, "भानजी म्हणे तुमचा मूळपुरुष. आधी त्याच्या घरात कोण कुणाचं ते तरी ठरवा."

म्हाताऱ्या सुभानजी गोंधळ्याने सात दिवस आढ्याकडे बघत काढले. त्याची सून गिरजा पिठाच्या मडक्याकडे बघत होती. संबळ वाजलं तर शिधा, शिधा आला तर भाकरी, आणि तिच्या पोटात भाकरी गेली तरच कडेवरच्या तान्ह्याला दूध. आठव्या दिवशी तिने पदर खोचला.

"मामंजी, मी जाते गडावर."

"तू काय सांगणार गं?"

"मी कशाला सांगू? राजालाच सांगू दे."

गडाच्या दारात कोरी शिळा उभी होती, शेजारी छिन्नी घेऊन पाथरवट. राजा पालखीतूनच म्हणाला, "बोल."

"महाराज, मूळपुरुष तुमचा, शिळा तुमची. तुम्ही ठरवाल ते नातं. आम्ही जन्मभर तेच गाऊ."

राजा खूश झाला. "मग बायको. कोर रे."

छिन्नी दगडाला लागते न लागते तोच पालखी खाली टेकली. सगळे भोई हात झटकत बाजूला.

"दमलात काय रे?"

"दमलो नाही," म्हातारा भोई म्हणाला. "पण आम्ही आंबेखोरचे. लाडाई आमची लेक, भानजीची आई. म्हणून या गादीवर बसेल तो आमचा भाचा. भाच्याला खांद्यावर घ्यायची मजुरी मामा मागत नाही. परक्याला फुकट कोण उचलतंय?"

"बरं, आई कोर."

पालखी उचलली गेली. पण दारावरच्या पहारेकऱ्यांनी भाले भिंतीला टेकवले, पागोटी सारखी केली आणि गावची वाट धरली.

"आता तुमचं काय?"

"आम्ही डोंगरवाडीचे. आमची लेक लाडाई भानजीला दिलेली. जावयाचं घर उघडं टाकवत नाही म्हणून बापजाद्यांपासून इथं उभे. जावईच नाही म्हणता, तर रामराम."

"थांबा!" राजाने कपाळ पुसलं. "बहीण कोरा. म्हणजे भांडणच मिटलं."

गिरजाने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "कोरा की. बोरगावकर साखर वाटतील. ते म्हणतातच, भानजीची बहीण आमच्या गावची सून. गडाला पाणी त्यांच्याच झऱ्याचं. बायकोच्या माहेराचं पाणी तोडायची कुणाची छाती आहे, महाराज? फक्त मग पालखी नाही नि पहारा नाही. पाणी पोटभर प्यायचं आणि पायी फिरायचं."

"आणि बायको कोरली तर?"

"पहारा राहील. तहानेनं जीव गेला तरी चोर काही आत येणार नाही."

पाथरवट कंटाळला. "सरकार, ऊन चढलं. काय कोरू?"

राजाने गिरजाकडे पाहिलं.

"लाडाई," ती म्हणाली. "नुसतं नाव कोरा. नातं ज्याचं त्यानं लावावं."

छिन्नी चालू झाली. पहारेकरी भाले उचलून जागेवर आले. राजा पालखीतून वाकून हळूच म्हणाला, "पण पोरी, खरं सांग. खरी ती कोण होती?"

"ते मामंजी सांगतील. सात रात्री लागतात सांगायला. शिधा रोजचा रोज."

"आणि सातव्या रात्री काय सांगतील?"

"समोर कोण बसलंय, ते बघून ठरवतील."

राजा असा हसला की पालखीचा दांडा करकरला. संबळं तिथल्या तिथे परत मिळाली, सात रात्रींचा दुप्पट शिधा निघाला आणि गिरजाच्या दारात एक दुभती गाय आली.

"भाचेराजे, बेतानं," खालून म्हातारा भोई म्हणाला. "हसलात की फार जड होता तुम्ही."