एका सायकलीचा रस्ता

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. फाल्गुनातला कोरडा, पश्चिमेकडचा वारा. हा पाऊस आणत नाही. नुसती धूळ आणतो आणि लोकांची दारं आपटतो. आभाळ मात्र स्वच्छ होतं, औषधालाही ढग नव्हता.

"…मग आणखी काय करायला हवं होतं मी? तुम्हीच सांगा, बुवा."

भालचंद्र कुलथे मठाच्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. भिंतीच्या पलीकडे गोविंदगिरी बुवा मेथी निवडत बसले होते.

मठ म्हणजे तरी काय… दोन खोल्या, एक महादेवाची पिंडी आणि एक काळी जुनी सायकल. बुवा गोसावी. भिक्षेला सायकलवरून जायचे. पेठेतली माणसं म्हणायची, महादेव नंदीवर आणि आमचे बुवा सायकलवर. बुवाही हसायचे. नंदीला चारा लागतो, म्हणायचे, हिला थेंबभर तेल पुरतं.

मठ आणि भालचंद्रचं घर यांच्यात ती एकच भिंत. जुना शेजार. मनात काही सलू लागलं की भालचंद्र त्या भिंतीशी येऊन उभा राहायचा.

तो महापालिकेत इंजिनिअर. शहरात सायकली पुन्हा दिसाव्यात म्हणून जे धोरण ठरलं, ते त्याच्या हातचं. नदीच्या बांधाजवळून निघून थेट स्टेशनापर्यंत त्यानं सायकलींचा वेगळा रस्ता करून घेतला होता. एका अंगाला लोखंडी कठडा, दुसऱ्या अंगाला उंच दगडी कड. मोटारीला आत शिरायची सोय नाही. म्हशीलाही नाही.

"बाहेरची कमिटी येऊन गेली," तो म्हणाला. "सगळं तपासलं त्यांनी. खड्डा नाही, उतार बरोबर, दिवे बरोबर. पहिला नंबर दिला आपल्याला. उद्या माझी सही झाली की बाजारातून कालव्यापर्यंत असाच रस्ता निघणार."

"छान झालं की."

"छान कसलं… शैलजा येत नाही."

बुवांनी मेथीची काडी मोडली.

शैलजा म्हणजे त्याची बायको. लग्न झालं तेव्हा त्या दोघांकडे दोन सायकली होत्या आणि दुसरं फारसं काही नव्हतं. त्या काळी त्या शहराची एक रीत होती. गिरणी सुटली की माणसं घोळक्यानं सायकलवर निघायची. दोघे सोबती असले की प्रत्येकाचा एक हात आपल्या हँडलवर, आणि त्यातल्या एकाचा दुसरा हात सोबत्याच्या खांद्यावर. बोलत बोलत घर यायचं, चढ कधी गेला कळायचं नाही. बायांनी असा हात ठेवायची पद्धत नव्हती. शैलजा ठेवायची.

पुढे मोटारी वाढल्या. एकदा एक टेम्पो तिचा पदर चाटून गेला, आणि तिनं सायकल जिन्याखाली लावली ती लावलीच.

आता लोक म्हणत, कुलथ्यांना सायकलचं वेड आहे. धोरण, कमिटी, कठडा, दिवे… सगळ्याच्या तळाशी ती जिन्याखालची सायकल होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"उद्घाटनाच्या दिवशी आली होती ती," भालचंद्र म्हणाला. "माझ्या मागून अख्खा रस्ता आली. तेव्हा मी तिला… बोललो काही. मनातलं. तर हूं नाही की चूं नाही. घरी आली, सायकल पुन्हा जिन्याखाली. आता चल म्हटलं तर म्हणते, तुम्ही जाऊन या."

"मग?"

"मग तुम्ही सांगा तिला. तुमचा शब्द ती मोडायची नाही. हट्ट आहे नुसता. रस्त्यात एक दोष काढून दाखव म्हणावं."

बुवांनी निवडलेली भाजी ताटलीत ठेवली. काड्या गोळा केल्या, गाईसाठी वेगळ्या ठेवल्या. हे सगळं इतक्या सावकाश चाललं होतं की भालचंद्रला वाटलं, बुवांनी ऐकलंच नसावं.

"रस्ता मी पाहिला नाही," बुवा म्हणाले. "माझी भिक्षा गल्लीबोळातली. चल, दाखव."

*

रस्त्याच्या तोंडाशी बुवांनी आपली सायकल भालचंद्रच्या बाजूला आणली. हँडलाला हँडल लागलं. खण् झालं.

"एकेकानं, बुवा," भालचंद्र हसला. "इथं एकामागे एक. शिस्त आहे."

"बरं. तू हो पुढे."

वारा पाठीमागून होता. आता पाठीला वारा असला म्हणजे कसं असतं, माणसाला वाटतं आपणच झकास चालवतोय. भालचंद्रलाही तसंच वाटलं. चाकं आपोआप पळत होती. कठड्यापलीकडे मोटारी एकमेकींवर भुंकत होत्या, आणि तो आपल्या रस्त्यानं राजासारखा चालला होता.

तो बोलत होता. हा रंग कुठून आणला, हे खांब कसे बसवले, कडेच्या दगडावरून कंत्राटदाराशी किती वाद घातला. कमिटीतल्या एका बाईंनी खाली वाकून रस्त्यावर हात फिरवून पाहिला होता, तेही त्यानं सांगितलं.

अर्धा रस्ता मागे पडला, तसा त्याचा आवाज उतरला.

"बुवा, तुम्हाला म्हणून सांगतो… त्या दिवशी मी तिला म्हटलं, शैले, शहरासाठी रस्ता केला असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण केला तो तुझ्यासाठी. म्हटलं, माझा हा खांदा किती वर्षं रिकामा आहे, तुला कधी दिसलं नाही का गं…"

त्याला पुढे बोलवेना. धूळ गेली असेल डोळ्यांत.

"आणि ती गप्प, बुवा. माणसानं एवढं काढून समोर ठेवावं, आणि समोरच्यानं नुसतं… गप्प."

स्टेशनाशी रस्ता संपला. भालचंद्रनं ब्रेक दाबला, एक पाय टेकला आणि मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

*

येताना वारा तोंडावर होता. प्रत्येक पायडल मोजून मारावं लागत होतं. म्हाताऱ्याला काही झालं तर नाही ना, या धास्तीनं त्याचा जीव अर्धा झाला.

बुवा रस्त्याच्या तोंडाशीच होते. सायकल कठड्याला लावलेली, आणि स्वतः दगडावर वहाणा काढून बसलेले.

"पंक्चर झाली?"

"नाही."

"दम लागला?"

"नाही रे."

"मग कधीपासून बसलात इथं?"

"तू निघालास तेव्हापासून."

भालचंद्र सायकलवरून उतरला. कपाळाचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

"म्हणजे मी एवढा बोलत गेलो, ते…"

"बोलत होतास काय?"

"बोलत होतो काय म्हणजे… बुवा, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही असं सांगितलं मी तुम्हाला."

"बरं, सांग मग," बुवा म्हणाले. "आता आहे मी इथं."

भालचंद्रनं तोंड उघडलं… आणि मिटलं. ते काही फर्माईशीवर पुन्हा सांगण्यासारखं नव्हतं.

"थांबलो म्हणून हाक तरी मारायची होती."

"घंटी वाजवली की."

"मला नाही ऐकू आली."

"हो ना," बुवा म्हणाले.

एक मळका कागद उडत आला, कठड्याला चिकटला, तिथंच फडफडत राहिला. मोटारी चालल्या होत्या. भालचंद्र आपल्या पुढच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"त्या दिवशी," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशीही ती मागेच होती."

बुवांनी वहाणा पायात घातल्या, सायकल फिरवली आणि पेठेच्या दिशेनं चालू लागले.

*

शैलजा कणीक मळत होती. एरवी भालचंद्र स्वयंपाकघराच्या दारातूनच काय ते बोलायचा, म्हणजे अर्धा आत, अर्धा ऑफिसात. त्या दिवशी पाट ओढून समोर बसला.

"चहा हवाय का?" तिनं विचारलं.

"नको… उद्घाटनाच्या दिवशी मी बोललो ते ऐकलंस तू?"

"बोलला होतात? कधी?"

"सायकलवर. तू मागे होतीस तेव्हा."

तिनं आठवून पाहिलं. "हात हलला होता खरा तुमचा एकदोनदा. मला वाटलं, खांब दाखवताय."

"मग घरी आल्यावर काही बोलली का नाहीस?"

"स्टेशनापर्यंत तुमची पाठ बघत आले. तिच्याशी काय बोलणार? म्हटलं, पाठच बघायची तर घरी दिसतेच की, त्यासाठी एवढं पायडल कशाला मारायचं."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हटलं. म्हणून ते जास्त लागलं.

"काय म्हणाला होतात?"

भालचंद्रनं सांगितलं. या वेळी नीट जमलं नाही. शब्द पुढेमागे झाले, मधले काही गळलेच. पण खांद्याचं तेवढं त्यानं राहू दिलं नाही.

शैलजाचे हात कणकेत तसेच राहिले.

"आता सांगताय होय," ती म्हणाली. "मी किती वाट पाहिली, चल म्हणाल म्हणून. रस्ता नव्हता तेव्हाही पाहिली… आता गुडघे धरतात हो माझे. सपाटीला चालताना काही नाही, पण पाय उचलून सायकलवर टाकायचा म्हटलं की जीव जातो. उद्घाटनाला कशीबशी चढले. जिना उतरताना बघता ना मला." ती जराशी थांबली. "नाही बघत म्हणा."

तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या साहेबांनी पेन पुढे केलं. भालचंद्रनं सही केली नाही.

"रुंदी वाढवायला हवी, साहेब. दोन सायकली शेजारी शेजारी जातील एवढी. आणि दुसऱ्या अंगाची ती उंच दगडी कड नको."

"अहो, तेवढ्या पैशात लांबी निम्मी होईल. कालव्यापर्यंत पोचायचाच नाही तुमचा रस्ता. नंबर जाईल."

"जाईल."

"कुलथे, सायकलवर काय गप्पा मारायच्यात का लोकांना? माणसाला पोचायचं असतं."

"पोचायला मोटारी आहेतच, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घरी बरं आहे ना सगळं?"

"कालपासून विचारायला लागलोय," भालचंद्र म्हणाला. "आणखी एक. पुढच्या वेळी कमिटी आली की त्यातल्या दोघांनी सायकलवरून बोलत यावं. शेवटी पोचल्यावर, दुसरा काय म्हणाला ते एकेकानं सांगावं. सांगता आलं तर पास. एवढी तपासणी धोरणात घाला."

साहेब हसले. मग हा चेष्टा करत नाही हे बघून हसायचे थांबले. फाईल टेबलावरच राहिली. ती पुढे सरकेल की खाली जाईल, ते त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

*

संध्याकाळी वारा पडला. रोजच्या सवयीनं भालचंद्रनं सायकल पुसली आणि फाटकाशी आणली. शैलजा उंबऱ्याशी उभी होती. नदीकडे बघत होती. रस्ता झाल्यावर बांधावर झाडं लावली होती म्हणे, ती तिनं अजून पाहिली नव्हती.

भिंतीपलीकडे बुवा पिंडीपाशी दिवा लावून बाहेर आले.

"सही नाही केली, बुवा," भालचंद्र खालच्या आवाजात म्हणाला.

"हं."

"रस्ता रुंद होईलही, पाचदहा वर्षांत. लोक जोडीनं जातीलही. पण माझं… माझं तेवढं राहिलं. तिचे गुडघे गेले. उशीर केला मी. ती आता माझ्या शेजारी यायची नाही."

रस्त्यावरून दोनतीन सायकली गेल्या. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"अजून उजेड आहे," शैलजा म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही, आपली सहज.

भालचंद्र तसाच उभा होता, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून.

तेव्हा भिंतीपलीकडून बुवा म्हणाले, "मग तू ती सायकल कशाला धरून उभा आहेस?"