मंडळाची किल्ली

"...म्हणजे किल्ली मलाच मिळणार, असं समजायचं ना सर?"

मुजावर सर जिना चढत होते. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात किल्ली. गुडघा कुरकुरला तसे ते मधल्याच पायरीवर थांबले.

"आधी वर तर जाऊ दे की मला."

"तुम्हीच म्हणालात मागच्या महिन्यात. आता जिना होत नाही, कुणाकडं तरी सोपवतो."

"म्हणालो."

"मग माझ्याशिवाय आहे कोण?"

सर गालात हसले.

"आज बोलणार आहेस ना? बोल. मग बघू."

हे मी ऐकलं, कारण प्रोजेक्टर काखेत घेऊन मी त्यांच्या मागे उभा होतो आणि सर आणि अभिनंदन या गुरुशिष्यांनी मिळून जिना अडवला होता.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासची प्रोग्राम लिहिणारी माणसं मार्केट यार्डाजवळच्या हळद व्यापाऱ्यांच्या सभागृहात जमतात. या जमण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्ही नुसतं मंडळ म्हणतो. गणपती नसलेलं मंडळ, असं आमच्या घरचे चिडवतात.

मंडळाला वर्गणी नाही, कार्यकारिणी नाही. सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे, तो प्रमुख. त्यानं दार उघडायचं, कुणी बोलायचं ते ठरवायचं आणि सगळे गेले की पंखे बंद करायचे. मुजावर सरांनी पॉलिटेक्निकात शिकवत असतानाच हे सुरू केलं. निवृत्त झाले तरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली. तिला एक बंद पडलेला पेन ड्राइव्ह बांधलेला आहे.

रिवाज एकच. जे दाखवायचं ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. अडलं तर अडलं.

सरांचा प्रोग्राम पहिल्या दणक्यात चालल्याचं मला आठवत नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "आता काय रे?" की सभागृहातून पाच तोंडं एकदम सुटायची. सर सगळ्यांचं ऐकत राहायचे. मला या गोष्टीचं फार प्रेम होतं, अजून आहे.

अभिनंदन मगदूमला मात्र ते बाळबोध वाटायचं. पोरगा हुशार, यात वाद नाही. सरांच्याच हाताखाली शिकला, बेंगळुरूला गेला, मोठमोठ्या परिषदांत बोलला. आता विश्रामबागेतल्या घरूनच तिकडची नोकरी करतो. मंडळ त्याला मोठं करायचं होतं. मंच, दिवे, गळ्यात ओळखपत्रं, कोल्हापूर-बेळगाव-सोलापूरची माणसं. त्यात वाईट काहीच नाही. पण सरांचा प्रोग्राम अडला की तो मोबाइल काढून बसायचा, ते मला खुपायचं.

त्या रविवारी सभागृह भरलं होतं. किल्लीची बातमी फुटली होती ना!

अभिनंदन उभा राहिला आणि खरं सांगतो, असं भाषण आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं. एक शब्द अडखळला नाही. मग त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. त्यानं शहर बसचा प्रोग्राम केला होता. कुठं जायचं ते लिहा, पुढची गाडी किती वाजता ते सांगेल. त्याची बोटं कळफलकावर पळू लागली, पडद्यावर ओळींमागून ओळी उमटू लागल्या. मधेच त्यानं पाण्याचा घोट घेतला. 'विश्रामबाग' लिहिलं. गाडीची वेळ आली. टाळ्या पडल्या.

"कुणाला काही प्रश्न?"

कुणाला काहीच नव्हता. पंखा फिरत होता. कुणीतरी मागे बॅगेची चेन लावली.

"नाही? सगळं समजलं तर," तो म्हणाला. चेहरा फुलला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सरांचा हात वर झाला.

"विश्रामबागेच्या जागी मिरज टाक की. मला घरी जायचंय."

सगळे हसले. अभिनंदन हसला नाही. त्याची बोटं कळफलकावर होती आणि तिथंच राहिली.

सर त्याच्याकडं बघत होते. बघता बघता उठले, कठड्याला धरावं तसं टेबलाला धरलं, एक पाऊल टाकलं... आणि पडदा काळा झाला.

"अरेच्चा! वायरीला पाय लागला माझा. चला, चहा घेऊ."

"सर, जपून!" कुपवाडचे हिंगमिरे ओरडले. लोक हसत हसत चहाला खाली उतरले.

मी वायर शोधत टेबलाखाली वाकलो होतो. प्लग भिंतीत टेबलाच्या उंचीवर होता आणि त्याचं बटण कुणीतरी बंद केलं होतं. तिथं पाय लागायला माणूस पैलवान हवा.

"तुम्हाला कळलं होतं," अभिनंदन म्हणाला. मी टेबलाखाली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. सरांना असावं.

"काय?"

"व्हिडिओ होता. आधी घरी करून ठेवलेला. मी नुसती बोटं हलवत होतो."

"हं."

"कधी कळलं?"

"तू पाणी प्यायलास तेव्हा. तू घोट घेत होतास, पडदा लिहीत होता."

अभिनंदननं लॅपटॉप मिटला.

"मग सगळ्यांसमोर का नाही म्हणालात?"

"म्हातारा माणूस मी. पाय लागतो कुठंही."

अभिनंदन खुर्चीवर बसला. मघाचा ताठा उतरला होता.

"बेंगळुरूत अडला होता माझा. गेल्या वर्षी. एवढं मोठं सभागृह, सगळे बघतायत आणि पडद्यावर लाल अक्षरं. सर, एक माणूस बोलला नाही. एकही नाही. मी आपला शोधतोय, घाम फुटलाय आणि ते सगळे शांत. सभ्य माणसं सगळी. शेवटी टाळ्यासुद्धा वाजवल्या त्यांनी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तेव्हापासून मी कुठंच खरा चालवून दाखवलेला नाही. हातच धजत नाही."

मला त्याची मोबाइल काढून बसायची सवय आठवली. सरांची लाल अक्षरं त्याला बघवत नव्हती, एवढंच होतं ते. मी उगीच त्याच्यावर चिडून होतो.

"तुमचं बरं आहे," तो जरा चिडून म्हणाला. "तुमचा दर वेळी अडतो आणि तुम्हाला काही वाटत नाही. एक विचारू? तुम्ही मुद्दाम चुकता ना?"

"छे छे. मुद्दाम चुकायला अंगात हुशारी लागते. माझं खरंच चुकतं."

"मग?"

"दुरुस्त करायची घाई करत नाही."

"चहा झाल्यावर पुन्हा उभा राहा," सर म्हणाले.

"आणि मंडळ? किल्ली?"

"मिरजेची गाडी विचारली होती मी. अजून सांगितली नाहीस."

लोक वर आले ते आपापसात बोलत. काहींनी बॅगा घेतल्या होत्या, निघायच्या बेतात होते. अभिनंदन पुढं जाऊन उभा राहिला. लॅपटॉप उघडला, पण बोटं लावली नाहीत.

"मघाशी दाखवला तो व्हिडिओ होता," तो म्हणाला. "आता खरा चालवतो."

सभागृह गप्प. बेंगळुरूची शांतता सांगलीत उतरली, असं वाटलं.

मग हिंगमिरे म्हणाले, "आम्हाला वाटलंच रे. पाणी पिताना तुझं टायपिंग लई जोरात होतं."

हशा पिकला. अभिनंदनही हसला, कानापर्यंत लाल होऊन. निघालेल्यांनी बॅगा खाली ठेवल्या.

त्यानं मिरज लिहिलं. बटण दाबलं. वाट पाहिली.

पुढची गाडी, सकाळी साडेसहा.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

अभिनंदन पडद्याकडे बघत राहिला. मी पाहिलं, त्याचा हात लॅपटॉप मिटायला निघाला होता. झाकणाला लागलासुद्धा. पहिल्या रांगेत सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

हात थांबला.

"आता काय रे?" अभिनंदन म्हणाला.

"साडेपाच तास!" चारी बाजूंनी एकदम ओरडा झाला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा झोपेतही कळतो. सर्व्हर परदेशी घड्याळावर चालतो आणि आपल्याकडचे साडेपाच तास त्याच्या हिशेबी नसतात. प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी या खड्ड्यात पाय घातलेला असतो. त्यामुळे आनंद असा झाला की जणू घरचंच माणूस भेटलं.

"जोडून टाक साडेपाच," हिंगमिरे म्हणाले.

"असं हातानं जोडतात का कुठं?" मेघना ऐनापुरे उठली. मिरजेच्या एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर ती सांभाळते. "आमच्याकडं कुणीतरी असंच जोडलं होतं. नोंदीत एक बाळ जन्मायच्या आधीच घरी गेलं."

"तुझं हॉस्पिटल आहे, ही बस आहे!"

"बसलाही तारीख असते, हिंगमिरेकाका!"

अभिनंदननं आधी हिंगमिऱ्यांचं ऐकलं. साडेपाच जोडले. मिरजेची गाडी दुपारी बाराची आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेघना टाळ्या वाजवत नव्हती.

"आता रात्रीची शेवटची गाडी विचार."

विचारली. शेवटची गाडी उद्याच्या तारखेत गेली होती.

"सांगितलं होतं मी!"

मग कोण कुठं बसलं होतं ते राहिलंच नाही. खुर्च्या पुढे सरकल्या. दोघंतिघं टेबलाभोवती उभे, एक जण फळ्यावर घड्याळ काढतोय, हिंगमिरे स्वतःचाच मुद्दा खोडून काढतायत. मीही पुढे घुसलो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीच्या उसाला मी तारीख कशी लावतो, ते मला सांगायचंच होतं. कुणी ऐकत नव्हतं, तरी सांगितलं.

या सगळ्याच्या मधोमध अभिनंदन बसला होता. केस विस्कटलेले, शर्टाच्या बाह्या वर. एकाचं ऐकून बदलत होता, दुसऱ्याचं ऐकून पुन्हा पहिल्यासारखं करत होता. "थांबा, थांबा, एकेक जण बोला," असं ओरडत होता आणि त्याला कुणी एकेक जण नको होता, हे तोंडावर स्वच्छ दिसत होतं. कॉलेजात असताना तो असा दिसायचा. मी ते विसरलो होतो, तोही विसरला असावा.

सर पहिल्या रांगेत एकटेच बसले होते. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्यासुद्धा लोकांनी टेबलाकडे ओढून नेल्या होत्या.

दीड वाजला. खालचे हमालसुद्धा जेवायला गेले. शेवटची गाडी अजून उद्याच्याच तारखेत होती.

"घरी जाऊन बघतो," मेघना म्हणाली. "मला वाटतं, कळलंय."

"तुला नाही, मला कळलंय," हिंगमिरे म्हणाले. दोघं भांडतच जिना उतरले. त्यांच्या मागोमाग एकेक करत सगळे गेले.

अभिनंदननं लॅपटॉप मिटला. पंखे बंद केले, एकेक करून, सांगितल्याशिवाय. फळ्यावरचं घड्याळ पुसायला गेला आणि पुसलं नाही.

दाराशी सर उभे होते. त्यांनी हात पुढे केला. तळहातावर किल्ली, तिला बांधलेला तो मुका पेन ड्राइव्ह.

अभिनंदननं ती घेतली नाही. सकाळी हीच किल्ली त्यानं जिन्यात अडवून मागितली होती.

"नको सर. कुठल्या तोंडानं घेऊ?"

"का रे?"

"दोन तास सगळ्यांना बसवून ठेवलं मी. आणि माझा प्रोग्राम अजून चाललेला नाही."

सरांनी किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली, खिसा वरून थोपटला आणि कठडा धरून पहिली पायरी उतरले.

"मग पुढच्या महिन्यात लोक येतील."