झिलूची उलटी हाक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे रान अगदी परसदारापर्यंत यायचं आणि पाणवठ्यावर जाताना बायका हातात काठी ठेवायच्या, त्या काळात खैरवणे गावात झिलू नावाचा हाकेकरी होऊन गेला. हाकेकरी म्हणजे काय ते आताच्या मुलांना कुठून ठाऊक असणार! शिमग्याला गावाची पारध निघायची. रानाच्या खालच्या अंगाला बंदूकवाले दबा धरून बसायचे आणि वरच्या अंगाने हाकेकरी ढोल बडवत, ओरडत उतरायचे. जनावरं बिचारी आवाजाला भिऊन पळत सुटायची, ती नेमकी बंदुकांपुढे. पहिलं जनावर काळकाई देवीच्या नावाचं, उरलेल्यांचे घरोघर वाटे पडायचे.

झिलू या सगळ्या हाकेकऱ्यांचा म्होरक्या. त्याने हाक दिली की डोंगरापलीकडच्या गावात तान्ही मुलं दचकून उठायची, असं म्हणतात. त्याच्या आवाजाने एकदा वाघ झाडावर चढून बसला, असंही म्हणतात. मी काही वाघ पाहिला नाही, पण आवाज तसाच असणार. झिलूला दुसरं काही येत नव्हतं. शेती यथातथाच, अंगावर एक घोंगडी. पण त्या एका आवाजावर तो गावात मान वर करून चालायचा.

मग काय झालं, पारधीत जनावरं कमी मिळू लागली. आधी सांबर दिसेनासं झालं, मग डुकरं. एका शिमग्याला तर बंदूकवाले नुसते डास मारत बसले आणि हात हलवत घरी आले. देवीची नारळावर समजूत घालावी लागली. गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, मोठा तापट माणूस. त्याने सगळ्यांदेखत झिलूला सांगितलं, "घसो बसलो रे तुझो. आता दुसरो हाकेकरी बघूक होयो."

झिलूच्या ते जिव्हारी लागलं. वर्षभर त्याने मध चाटला, ज्येष्ठमध चघळलं, कोण काय सांगेल ते केलं. रोज कड्यावर उभा राहून तो हाक द्यायचा. आवाज होता तसाच खणखणीत होता. पण पूर्वी त्याने तोंड उघडायची खोटी, की वानरं खेकसायची, मोर ओरडायचे, भेकर भुंकायचं. आता हाक जायची, समोरच्या कड्यावर आपटायची आणि रिकामी परत यायची. झिलूने घरी येऊन बायकोला, आवडाला, हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचो आवाज खंय गेलो? रानच गेला."

झिलू त्या दिवशी जेवला नाही. हे रान रिकामं केलं कुणी, याचा विचार करताना त्याला दुसऱ्या कुणाचं नाव सापडेना. बंदुका गावाच्या होत्या, पण एकेका जनावराला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं होतं त्याच्या आवाजाने. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुन्हा शिमगा आला. झिलूला शेवटची संधी म्हणून पुढे केलं होतं. हाकेकऱ्यांनी अख्खं रान पिंजून काढलं, काही उठेना. बंदुका दिसू लागल्या तेव्हा करवंदीच्या जाळीतून एक भेकर बाहेर आलं. पोट खाली लोंबत होतं, आज-उद्या विणार असं. पुढे बंदुका, मागे ढोल, ते मधेच थरथरत उभं राहिलं. आता झिलूने एक हाक दिली असती की काम फत्ते. देवीचा मान राहिला असता, त्याचाही राहिला असता.

झिलू चालत भेकराच्या पुढे गेला. त्याने रानाकडे पाठ केली, बंदुकांकडे तोंड केलं आणि हाक दिली.

तशी हाक त्याने जन्मात दिली नव्हती, असं म्हणतात. बंदूकवाल्यांचे पाय आपोआप उचलले गेले. एरवी जनावरं पळायची तशी माणसं पळाली, काट्यांतून, ओढ्यातून, कुणाचं पागोटं राहिलं, कुणाची वहाण. गावकराने बंदूक टाकली ती थेट घरात शिरून कडी लावली. झिलू मागून हाक देत देत वेशीपर्यंत आला आणि तिथे त्याचा आवाज गेला. तो आवाज पुन्हा कधीच आला नाही. पुढे जगला तितकी वर्षं तो मुका जगला.

गाव आधी चिडलं होतंच. त्याला वाळीत टाकलं, पाणवठ्यावर कुणी त्याच्याजवळ उभं राहीना. पण रानात शिरून हाक द्यायला दुसरा कुणी धजेना, म्हणून पारध बंद पडली ती पडलीच. आणि हळूहळू करवंदीच्या जाळ्यांतून भेकरं हिंडू लागली, त्यांच्यामागून बिबट्या आला. जगभरची रानं ओस पडत चालली आहेत म्हणतात. खैरवण्याचं रान अजून नांदतं आहे.

आजही शिमग्याला खैरवण्यात ढोल निघतात. सगळी माणसं रानाच्या कडेला जातात, रानाकडे पाठ करतात आणि हाक देत गावाकडे येतात. सगळ्यांच्या पुढे गावकराच्या घरातला माणूस पळतो, तो त्याचा मान आहे. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत कुणी रानात पाऊल टाकत नाही. दुसऱ्या दिवशी गावात कुणी एक शब्द बोलत नाही. मुंबईहून पोरांचे फोन येतात, वाजत राहतात. आई फोन उचलून कानाला लावते, पण बोलत नाही. पोरगाही दिवस ओळखतो आणि थोडा वेळ तसाच गप्प राहतो.