पाडव्याची पहिली ढेप

अभिजित सरनोबतांकडे क्रिप्टोची दोन लाख नाणी होती. गावाला ती कधी दिसली नाहीत, भाव मात्र रोज ऐकू यायचा. एक नाणं हजार रुपयांना, म्हणून सरनोबत स्वतःला वीस कोटींचे धनी म्हणवत.

दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते मालूताई मगदुमांच्या गुळाच्या वखारीत आले. "गुळासकट वखार मला द्या. दहा हजार नाणी देतो, म्हणजे एक कोटी झाले." मालूताईंचे दीर भूपाल यांनी करार लिहायला लगेच कागद काढला.

मालूताईंना नवल वाटलं. "हजार हा भाव ठरवला कुणी?"

"काल कुणीतरी चार नाणी त्या भावाने घेतली. शेवटचा सौदा होतो तोच भाव, सगळ्या नाण्यांना."

मालूताईंनी पाडव्याच्या सौद्याची पावती पुढे केली. मुहूर्ताची पहिली ढेप व्यापारी मानासाठी चढाओढीने घेतात. मालूताईंची ढेप काल अकरा हजारांना गेली होती.

"आत अशाच दोन हजार ढेपा आहेत. तुमच्या रीतीने दोन कोटी वीस लाखांचा गूळ झाला. बावीस हजार नाणी द्या, वखार वर फुकट देते."

सरनोबत हसले. "ताई, ती एक ढेप मानाची होती. दोन हजार ढेपा त्या भावाने कोण घेईल?"

"आणि तुमची दोन लाख नाणी?" मालूताईंनी विचारलं.

भूपालनी कागदाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.