कारंज्याचं पाणी

कोंडाळीच्या तांबट आळीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. तक्रार केली की नगरपालिकेचे मुख्याधिकारी राजाध्यक्ष म्हणत, "धरणातच पाणी नाही, मी कुठून आणू?"

एके दिवशी हेच साहेब आळीच्या कायापालटाचा आराखडा घेऊन आले. आळीतल्या कुणालाही न विचारता त्यांनी चौकात संगीत कारंजं आखलं होतं. देवळापुढच्या सभेत ते मोठ्या ऐटीत त्याचं चित्र दाखवू लागले, तशा यमुनाक्का तांबट उठल्या. राग पोटात गिळून त्यांनी गोड आवाजात विचारलं, "साहेब, उन्हाळ्यात हे बंद पडेल ना?"

"छे! खास मोठी जलवाहिनी टाकतोय. बारा महिने, दिवसभर पाणी!"

"म्हणजे पाणी आहे तर!" आक्का लोकांकडे वळल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? साहेब, ती वाहिनी आमच्या घरांपर्यंत आणा. संगीताची काळजी सोडा, हंडा भरतानाचा आवाज आम्हाला पुरे."

सगळी सभा खदखदून हसली. साहेबांनी कारंज्याचं चित्र गुंडाळलं. दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरून कुणाला काय हवंय ते विचारू लागले. त्या दिवाळीला तांबट आळीनं मनसोक्त अभ्यंगस्नान केलं.