टिंबीनं शेवंती उपटली

टिंबी होती उंदराची पोर. एवढीशी. तिचं बीळ वेणूमावशीच्या अंगणात.

अंगणात दोन कुंड्या. एकीत पिवळी शेवंती, एकीत पांढरी शेवंती. दोघींना एकेक कळी.

सकाळी वेणूमावशी शेवंतींना म्हणाली, "ऊन उतरलं की तुम्हाला वाफ्यात लावते हं." मग तिनं भाजीसाठी मुळा उपटला. शेंडी धरली, हिसका दिला, मुळा बाहेर.

टिंबीनं ते पाहिलं. हे तर सोपं! आपणच लावू शेवंती, मावशी शाबास म्हणेल. ऊन उतरेपर्यंत थांबायचं कुणी? उतावळी ती टिंबी, तिला कुठला धीर.

भर दुपारी ती कुंडीत चढली. तुरुतुरु तुरुतुरु. पिवळ्या शेवंतीची शेंडी धरली दातात. दिला हिसका. सट्ट!

शेवंती बाहेर. माती पडली भुरुभुरु. मुळं उघडी, कळी वाकडी. शेवंतीनं मान टाकली.

टिंबीचं तोंड एवढंसं झालं. लाज वाटली. खूप खूप लाज वाटली. तिनं शेवंतीला वाफ्याशी ओढत नेलं आणि नखांनी खड्डा खणायला लागली. खर्र खर्र. माती कडक. खड्डा काही होईना.

टिंबी म्हणाली,
"मातीमाय, मातीमाय,
शेवंतीला कुशीत घे.
शेवंती पडली उन्हात."

मातीनं विचारलं, "कुणी गं उपटली?"

"कुणीतरी," टिंबी पुटपुटली. आणि तिचा एक कान पडला खाली.

माती म्हणाली, "मी तर कडक. गांडूळ मला भुसभुशीत करेल, तर घेईन."

टिंबी गेली गांडुळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. गांडूळ होतं कुंडीखालच्या गारव्यात.

"गांडूळदादा, गांडूळदादा,
मातीला भुसभुशीत कर.
माती शेवंतीला कुशीत घेईल.
शेवंती पडली उन्हात."

गांडुळानं विचारलं, "कुणी गं उपटली?"

"कुणीतरी." आणि तिचा दुसरा कान पडला खाली.

गांडूळ म्हणालं, "माती तापलीय. पाणी मला भिजवेल, तर येईन."

टिंबी गेली पाण्याकडे. तुरुतुरु... पण पाय आता जरा जड झाले होते. पाणी होतं हौदात.

"पाणीदादा, पाणीदादा,
गांडुळाला भिजव.
गांडूळ मातीला भुसभुशीत करेल.
माती शेवंतीला कुशीत घेईल.
शेवंती पडली उन्हात."

पाण्यानं विचारलं, "कुणी गं उपटली?"

पाण्यात टिंबीचंच तोंड दिसत होतं. तिनं डोळे मिटून घेतले. "कुणीतरी." आणि तिच्या मिशा पडल्या खाली.

पाणी म्हणालं, "मला कुठे पाय? झारी मला नेईल, तर येईन."

टिंबी गेली झारीकडे. हळू हळू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. कावळा ओरडला, तरी तिला वाटलं, आपल्यालाच बोलतोय.

"झारीताई, झारीताई,
पाण्याला ने.
पाणी गांडुळाला भिजवेल.
गांडूळ मातीला भुसभुशीत करेल.
माती शेवंतीला कुशीत घेईल.
शेवंती पडली उन्हात."

झारीनं विचारलं, "कुणी गं उपटली?"

"कुणी... तरी." आणि तिचं शेपूट पडलं खाली.

झारी म्हणाली, "मला कुठे हात? वेणूमावशी मला उचलेल, तर नेईन."

वेणूमावशी! शेवंती तर तिचीच. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं जायचं?

टिंबी जोत्यामागे लपली. तिथून तिला शेवंती दिसली. पानं आता सुकायला लागली होती. कळी मातीला टेकली होती. आणखी थोडा वेळ गेला, तर शेवंती उठणारच नव्हती.

टिंबी निघाली. दोन्ही कान खाली. मिशा खाली. शेपूट खाली, सुर्रर सुर्रर.

वेणूमावशी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. उंदराचं बोलणं माणसाला कळतं का? रोज झाडांशी बोलणाऱ्या माणसाला कळतं.

"वेणूमावशी, वेणूमावशी,
झारीला उचल.
झारी पाण्याला नेईल.
पाणी गांडुळाला भिजवेल.
गांडूळ मातीला भुसभुशीत करेल.
माती शेवंतीला कुशीत घेईल.
शेवंती पडली उन्हात."

वेणूमावशीनं विचारलं, "कुणी गं उपटली?"

"कु..." टिंबी म्हणाली.

"कुणी..." टिंबी म्हणाली.

मग तिची मानसुद्धा खाली गेली. आणि बारीक, अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "मी. मुळ्यासारखी उपटली. आणि सगळ्यांना खोटंच सांगितलं."

वेणूमावशी उठली. तिनं तांदूळ पातेल्यात ओतले. सूप घेतलं. अंगणात आली. शेवंतीला हातावर घेतलं, उघडी मुळं पाहिली.

"मुळा उपटतात खायला," ती म्हणाली. "शेवंती कुंडीतून अलगद उतरवायची असते, जगवायला. मला विचारायचं होतंस, बाळा."

टिंबीला रडू आलं. पण मावशीनं झारी उचलली होती. रडत बसायला वेळ कुठे होता?

"झारीताई, मीच उपटली," टिंबी म्हणाली. झारी म्हणाली, "बरं." आणि टिंबीचं शेपूट आलं वर.

झारीनं पाण्याला नेलं. झुळूझुळू. "पाणीदादा, मीच उपटली." पाणी म्हणालं, "बरं." आणि मिशा आल्या वर.

पाण्यानं गांडुळाला भिजवलं. "गांडूळदादा, मीच उपटली." गांडूळ म्हणालं, "बरं." आणि एक कान आला वर.

गांडुळानं मातीला भुसभुशीत केलं. वळवळ वळवळ. "मातीमाय, मीच उपटली." माती म्हणाली, "बरं बाई." आणि दुसरा कान आला वर.

मातीनं शेवंतीला कुशीत घेतलं. वेणूमावशीनं मुळांशी माती दाबली, झारीनं पाणी घातलं आणि मावशीनं सूप उभं करून शेवंतीवर सावली धरली.

पण टिंबीची मान? ती खालीच. कारण शेवंतीचीही मान खालीच होती. "शेवंती, मीच उपटलं तुला," टिंबी म्हणाली. तरी शेवंतीची मान उठली नाही. टिंबी तिच्याजवळच बसून राहिली.

सकाळ झाली. टिंबीनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

शेवंतीनं मान वर केली होती. अगदी थोडी. कळी अजून वाकडीच, पण वर.

टिंबीनंही मान वर केली. अगदी थोडी.

त्या दिवशी ऊन उतरलं. वेणूमावशीनं वाफ्यात खड्डा केला. मग पांढरी शेवंती आणली, कुंडी आणि सगळं. टिंबीसमोर ठेवली.

"चल, ही तू उतरव," ती म्हणाली.

"मी?" टिंबी मागे सरकली. "मी नको."

"तूच," वेणूमावशी म्हणाली.

आधी कुंडीला पाणी पाजलं. मावशी थोडी थांबली. टिंबीसुद्धा थांबली बरं का! मग मावशीनं रोप बोटांच्या बेचक्यात धरलं आणि कुंडी केली उलटी. टिंबीनं कुंडीच्या बुडावर थाप मारली. टप टप. टप टप.

शेवंती उतरली अलगद. मातीचा गोळा अख्खा, मुळं आत झाकलेली. मातीनं तिला कुशीत घेतलं, आणि पांढऱ्या शेवंतीला कळलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी गांडूळ वर आलं. "अरे वा! ही पांढरी कुणी गं लावली?"

"मी," टिंबी म्हणाली. "आणि वेणूमावशीनं."

"आणि ती पिवळी कुणी गं उपटली होती?"

टिंबीनं पिवळ्या शेवंतीकडे पाहिलं. वाकडी कळी उमलायला लागली होती.

"तीपण मीच," टिंबी म्हणाली. आणि तिचा कान काही खाली पडला नाही.

शेवंती रुजली वाफ्यात,
टिंबी निजली बिळात,
गोष्ट संपली कुशीत.